तीन काट्यांचा गळ

"मान सैल सोडा. धरून ठेवली की कापतं."

खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला तो हेच म्हणायचा. म्हणताना उजव्या हाताचा अंगठा कानामागे असा टेकवायचा की मान आपोआप ढिली पडायची. मी पंचवटीच्या भाजीबाजारात तीस वर्षं पोती उचलली, माझी मान म्हणजे लाकूड. तो म्हणायचा, "भाऊ, ही मान नाय, मोरीचा पाइप हे." पण त्या अंगठ्याखाली तीही ढिली व्हायची. डोळे मिटायचे. वस्तऱ्याची धार गळ्यावरून फिरायची आणि माणूस घोरायचा.

असा न्हावी तुमच्याही गल्लीत असेल. याचं नाव मी लिहीत नाही. त्याचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळे झालं, आणि नाव लिहून परत त्याला चारचौघांत उभं करायचं मला पटत नाही. मी चौथी शिकलेला माणूस. जमेल तसं सांगतो.

सोमवारी सलून बंद. सोमवारी तो मासे धरायला जायचा, लुनावर, मागे मी. आता यातली गंमत बघा. सोमवार महादेवाचा, मासा खायचा नाही. मंगळवार गडावरच्या देवीचा, तेव्हाही नाही. म्हणजे सोमवारी धरलेला मासा बुधवारपर्यंत जिवंत ठेवायचा. त्याच्या मोरीत एक निळं पिंप होतं, त्यात मरळ दोन दिवस फिरायची. मरळ चिवट, वर येऊन हवा घेते, थोड्या पाण्यातही तग धरते. त्याची बायको ओरडायची, "धुणं कशात भिजवू? या पाहुण्याच्या डोक्यावर?" सलूनमधले लोक म्हणायचे, याच्या घरी मासेसुद्धा वार पाळतात.

म्हणून तो एकेरी गळ वापरायचा. एक काटा, ओठात बसणारा. काढला की मासा जसाच्या तसा.

त्याच सुमाराला बाजारात तीन काट्यांचे गळ दिसायला लागले. एका दांडीला तीन तोंडं, तिन्ही धारदार. मी ते बघून खूश. सलूनमध्ये यावरून आमची रोज जुंपायची.

"अरे, तीन काटे म्हणजे एकतरी बसणारच," मी म्हणायचो.

"बसणार की. एक माशाला, दोन जलपर्णीला. मग ओढा गवत, करा त्याचीच भाजी."

"तुझी मरळ सुटते त्याचं काय?"

"सुटली तर सुटली. फाटून येण्यापेक्षा बरी. आणि भाऊ, एक काटा कुठं हे ते आपल्याला ठाऊक असतं. तिनातले दोन कुठं हेत ते कोण सांगणार?"

खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून म्हणायचं, "तुमचं मिटेपर्यंत माझी दाढी परत वाढेल."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग माझी बायको आजारी पडली.

पोटाचं दुखणं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पावसाळ्याच्या शेवटी सांगितलं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. असं सांगितल्यावर माणसाला काय समजायचं ते समजतं. ती काहीच खाईना. पेज तोंडाला लावली की मान फिरवायची. एक दिवस आपणहून म्हणाली, "नदीची मरळ मिळंल का?" तिचं माहेर निफाडकडचं, नदीकाठचं. लहानपणापासून खाल्लेली. मी बाजारातून आणली, मुलीनं रस्सा केला. तिनं जिभेला लावला आणि वाटी सारली. "ही तळ्यातली. चिखल लागतोय."

मी सलूनमध्ये जाऊन त्याला सांगितलं. त्यानं हातातली कात्री खाली ठेवली. "सोमवारी काढू वहिनींसाठी."

पहिल्या सोमवारी मरळ गळाला लागली आणि सुटली. दुसऱ्या सोमवारी परत तेच. दोन्ही वेळा एकेरी गळ. तो म्हणाला, "येईल पुढच्या वेळी. जागा सोडत नाय ती." पुढची वेळ त्याच्याजवळ होती. माझ्या घरात बायको आठवड्याला मूठभर कमी होत होती.

तिसऱ्या सोमवारी माझ्या खिशात काडेपेटी होती. त्यात तीन काट्यांचा गळ.

निफाडच्या अलीकडे गोदावरीला एक डोह होता. काठाला जलपर्णी अशी दाट की वर पाखरं चालायची. त्यानं माझी काठी तयार करून हातात दिली आणि आमिषाला बेडूक शोधायला बांधाकडे गेला. तो पाठमोरा झाला तसा मी त्याचा गळ सोडला आणि माझा बांधला. माझे हात पोत्याचे, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बोटातून निसटत होती. तो बेडूक घेऊन आला तर मीच म्हणालो, "दे, मी लावतो." त्याला बरं वाटलं. म्हणाला, "शिकला की तुम्ही."

सांगायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी सांगितलं नाही.

दुपार कलली तेव्हा तंगूस एकदम ताणली. काठी वाकली, मी मागे रेटलो. मरळ मोठी होती, हातभर तरी. पाच-सहा झटके दिले आणि जलपर्णीत घुसली, तिथंच अडकली. ना पुढे, ना मागे.

"ओढू नका," तो म्हणाला. "मी जातो."

छातीभर पाण्यात तो शिरला. डाव्या हातानं वेली बाजूला करत गेला. उजवा हात तंगुशीवरून सरकवत पाण्याखाली घातला. मासा धरायची त्याची रीत ठरलेली होती. डोक्यामागे बोटं, जबड्याखाली अंगठा. एकच काटा आहे, तो ओठात आहे, हे त्याला पाठ होतं.

मला त्याचं तोंड दिसत होतं. ते बदललं.

"भाऊ," तो म्हणाला, हळूच. "गळ कोणता हे?"

तेवढ्यात मासा गरकन फिरला. तो ओरडला, तसा त्याला ओरडताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. "सैल सोडा! भाऊ, सैल सोडा!"

मी ओढलं.

खोटं लिहून आता काय मिळवायचंय? मला मासा दिसत होता. पांढरं पोट पाण्यावर आलं होतं आणि मला वाटलं, गेली, ही पण गेली. म्हणून ओढलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा त्याचे गुडघे वाकले, पाणी हनुवटीला लागलं. मग काठी माझ्या हातातून सुटली. मी टाकली असं म्हणणार नाही. सुटली.

पाण्यात उतरून मी तंगूस दातानं तोडली. त्याला काठावर आणलं. एक काटा माशाच्या जबड्यात होता आणि दोन त्याच्या अंगठ्याच्या बुडात, पार आत. मासा आणि माणूस एकाच गळाला. मासा तडफडला की काटे आत फिरायचे. मी दगड उचलला.

"मारू नका," तो म्हणाला. ओठ पांढरे पडले होते. "बुधवार यायचाय अजून."

आणि त्यानं ती मरळ छातीशी धरली, लहान लेकराला धरतात तशी, हलू नये म्हणून. मी जबडा फाडून काटा काढला, मासा न्यायला आणलेल्या दुधाच्या किटलीत तिला टाकलं. गळ त्याच्या अंगठ्याला तसाच लोंबत राहिला. लुना मला नीट येत नव्हती. तो मागे बसून सांगत होता, "गिअर नाय हो तिला, फक्त पीळ द्या." निफाडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत माझी पाठ त्याच्या रक्तानं भिजली होती. डॉक्टरांनी काटे कापून काढले आणि विचारलं, "हाताचं काम करता का?"

तो म्हणाला, "न्हावी हे मी."

डॉक्टरांनी त्याच्या अंगठ्याकडे परत एकदा बघितलं.

जबडा फाटलेली मरळ मंगळवारी सकाळी मेली. मुलीनं ती बाहेर नेऊन टाकली. मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "गळ बदलला ते भाऊजींना सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही."

ती भिंतीकडे वळली. दोन दिवस तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मुलीच्या हातचं घेतलं. आमच्या अडतीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर पुष्कळदा रागावली होती, पण पाणी नाकारलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी दारात लुना, हातानं ढकलत आणलेली. तो. उजव्या हाताला नारळाएवढं बँडेज. "चला भाऊ. गाडी तुम्ही चालवा, काठी तुम्ही धरा. गळ मी बांधणार."

डोहावर त्यानं डाव्या हातानं आणि दातानं गाठ मारली. एकेरी गळ. गाठ तीनदा सुटली. मी हात पुढे केला तर म्हणाला, "राहू द्या." चौथ्यांदा बसली. मग दिवसभर मी काठी धरून उभा, आणि तो शेजारी बसून माझ्या हातांकडे बघत होता. पाण्याकडे नाही, माझ्या हातांकडे. ऊन उतरता उतरता मरळ लागली. तो म्हणेल तेव्हा सोडायची, म्हणेल तेव्हाच घ्यायची, असं करत ती काठावर आली. ओठात एवढंसं भोक.

ती बुधवारपर्यंत आमच्या मोरीत जगली. मी तासातासाला जाऊन बघत होतो, आतल्या खोलीत बायकोला आणि मोरीत मरळीला. बुधवारी बायकोला उशीला टेकवून बसवलं. चार चमचे रस्सा आणि दोन घास मासा तिच्या पोटात गेला, माझ्या हातानं. दुसऱ्या घासाला म्हणाली, "काटा बघून द्या की जरा." मग म्हणाली, "भाऊजींना वाटी पाठवा."

नऊ दिवसांनी ती गेली.

दहाव्याला नदीवर डोकं करायला न्हावी रांगेनं बसलेले असतात. मी एकापुढे बसणार इतक्यात तो आला, पेटी घेऊन. बँडेज निघालं होतं. अंगठा ताठ, खुंटीसारखा. हात फाटल्यापासून सलून त्यानं उघडलंच नव्हतं. त्यानं वस्तरा डाव्या हातात घेतला. शेजारचा न्हावी म्हणाला, "अहो, मी करतो की." यानं तिकडे बघितलंही नाही.

अंगठा मान दाबू शकत नव्हता, म्हणून त्यानं माझं डोकं स्वतःच्या छातीला टेकवून धरलं. कपाळापासून सुरुवात केली, एक पट्टा, थांबला, श्वास घेतला, दुसरा पट्टा. त्याच्या छातीतली धडधड मला कानात ऐकू येत होती. वस्तरा कानामागे आला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अरे, त्या दिवशी मी..."

"बोलू नका," तो म्हणाला. "कापंल."

त्यानं डोकं पूर्ण केलं. कुठेच कापलं नाही. टॉवेलनं पुसलं, पेटी बंद केली आणि गर्दीतून निघून गेला.

पुढे चार वर्षं तो होता. डाव्या हातानं थोडंफार काम करायचा, लहान पोरांचे केस, म्हाताऱ्यांच्या दाढ्या. मी रोज जायचो. भाजीचे भाव, पाऊस, नातवंडं, सगळं बोललो. ते एक बोललो नाही. मग एका हिवाळ्यात छातीत कळ येऊन तो गेला. मी तेव्हा मुलीकडे होतो, मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्याच्या सलूनच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. मी कधीकधी पायरीवर जाऊन उभा राहतो. आतली मुलगी मशीन थांबवून विचारते, "बाबा, काय काढायचंय?"

मी म्हणतो, "काही नाही." आणि तरी उभाच राहतो.