पापलेटांखालचा बर्फ

त्या दुपारी तुझा विठ्ठल कुठे होता, असं कुणी विचारलं तर आज माझ्याकडे उत्तर आहे. त्या घटकेला नव्हतं. रबाळ्याच्या आमच्या कारखान्यात प्रेसचा साचा बदलताना साखळी घसरली आणि साचा उजव्या हातावर आला. तर्जनी आणि मधलं बोट तुटून पडली. दर शनिवारी घणसोलीच्या भजनात मी मृदंग वाजवतो. देवा, मार द्यायचाच होता तर दुसरीकडे कुठे द्यायचास, एवढंच मनात आलं.

सुपरवायझरने बोटं ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत बांधली. बर्फावर ठेवली तर जोडता येतील, म्हणाला. पण कँटीनचा फ्रिज बंद पडलेला, आणि ॲम्ब्युलन्स कुठेतरी अडकलेली.

पाळी सुटायच्या वेळी गेटावर एक कोळीण मासळी घेऊन बसते. मी साताऱ्याकडचा माळकरी, तिला पाहिलं की रस्त्याची बाजू बदलायचो. ती हसायची. "दादा, मासली उडून तोंडान नाय जात."

आरडाओरडा ऐकून तिने पापलेटं फरशीवर ओतली आणि खालच्या बर्फावर पिशवी ठेवली. तिच्या टोपल्या आणणारी रिक्षा उभीच होती. मला तोल सावरेना. आधार द्यायला ती पुढे झाली आणि मध्येच थबकली.

"तुमचे गल्यान तुलशीची माल हाय. माझं मासलीचं हात लावू का?"

भजनात आम्ही लहानथोर सगळ्यांनाच माउली म्हणतो. तिला मी कधी म्हटलं नव्हतं.

"लावा, माउली," मी म्हणालो. वाशीच्या दवाखान्यापर्यंत तिने मला धरून ठेवलं.

तर्जनी जोडली गेली. मधलं बोट फार चेंगरलं होतं, ते गेलं. याला चमत्कार म्हणावं का, यावर मी वाद घालत नाही. हाक मी विठ्ठलाला मारली होती; त्याने कोणता वास घेऊन यावं, हे ठरवणं माझं काम नव्हतं. मृदंगाचा बोल आता जरा बोथट निघतो. कुणी तक्रार केलीच तर मी ऐकत नाही.

परवा ती भजनाला आली आणि उंबऱ्याबाहेरच बसली. आत या म्हटलं, तर म्हणाली, "हात धुतलं, पन वास जात नाय." मी उठलो, आणि त्याच जोडलेल्या बोटाच्या हाताने तिचा हात धरून तिला मृदंगाशेजारी आणून बसवलं.