ग्रीसऐवजी झुबारा

समस्त आप्तेष्टांस कळविण्यास अत्यंत दुःख होते, की आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी ठरलेलं ग्रीसचं बेट, त्यावरच्या प्राचीन अवशेषांसह, ऐन वेळी रद्द झालं. इथे आखातात, रास लफानला आमच्या गॅस प्लांटचं दुरुस्तीचं शटडाऊन पुढे सरकून नेमकं त्याच तारखांवर आलं, माझी रजा खलास झाली आणि बायकोने अबोला धरला.

डबा मिळत होता, चहा मिळत होता, आवाज तेवढा मिळत नव्हता. आठव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी जाहीर केलं, "चल, तुला समुद्रकाठचं जुनं शहर दाखवतो. भग्नावशेषांसकट!"

ग्रीससाठी घेतलेला पांढरा ड्रेस आणि निळी ओढणी घालून ती निमूटपणे गाडीत बसली. टोमणाच होता तो, फक्त कापडाचा.

दोह्याहून उत्तरेला तास-दीड तास गेलं की झुबारा. कधीकाळी मोत्यांच्या व्यापाराने गजबजलेलं बंदर, आता वाळूतून वर काढलेल्या बुटक्या भिंती. पलीकडचा समुद्र मात्र इतका निळा होता, की मी मनातल्या मनात त्याचे अरबीत आभार मानले, शुक्रन!

मग मी गाईड झालो. "हा व्यापाऱ्याचा दिवाणखाना! इथे मोती तोलत! इथे सासूबाई बसत!" मला यातलं काडीचंही माहीत नव्हतं, पण हात हवेत फिरवले की इतिहास आपोआप तयार होतो. ती ओढणी सावरत पुढे चालत राहिली.

एका छोट्या खोलीपुढे दोरी बांधली होती. आत जमिनीच्या गिलाव्यात ओळीने खाचा होत्या. मी छाती फुगवली. "आणि ही शेठजींची न्हाणी! पाय घसरू नये म्हणून खाचा!"

"न्हाणी?"

आठ दिवसांतला पहिला शब्द!

"अहो, उतार बघा जरा. सगळ्या खाचा त्या कोपऱ्याकडे जातायत. तिथे खड्डा आहे, भांडं ठेवायला. रस निथळवायची खोली आहे ही. न्हाणी म्हणे!"

तिचं माहेर रत्नागिरीकडचं. कोकमांना मीठ लावून टोपलीत ठेवायची, खाली पातेल्यात आगळ गळू द्यायचं, हे ती परकर नेसायची तेव्हापासून करत आलीय.

मागे उभा असलेला तिथला रखवालदार हसला. "मॅडम सही बोल रही हैं." खजुराची पोती एकावर एक रचायची, वजनाने पाक गळायचा, खाचांतून वाहत घड्यात जायचा, असं त्याने समजावलं. ती त्याला आगळ समजावू लागली, तेही हातवारे करत. हातवारे हे माझं खातं. पण मी उदार मनाने गप्प राहिलो.

पांढऱ्या ड्रेसची पर्वा न करता ती वाळूत गुडघे टेकून दोरीखालून वाकली आणि बोटाने हवेत उतार मोजू लागली. मी भीत भीत विचारलं, "मग ग्रीसचं?"

ती वळली आणि सगळ्या झुबाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खड्ड्यात गेलं तुमचं ग्रीस, मला गावाला अशी खोली बांधून द्या!"