ताडकळसची कॅसेट

जुन्या कॅसेटचा वास आला की ताडकळस गावच्या कार्यक्रमाची ती कॅसेट आठवते. आमच्याकडच्या एका भीमगीत पार्टीचे सुरुवातीचे कार्यक्रम मी स्टेजजवळ बसून टेपवर भरून घ्यायचो. तेव्हा त्या पार्टीत एक गायक आणि एक बाई सोबत गायचे. बाईंचा आवाज सरस होता. पुढं बाईंनी गाणं सोडलं, गायक मोठा झाला. एकदा घरी येऊन म्हणाला, “भाऊ, ती ताडकळसची पहिली कॅसेट दे की, ऐकून आणून देतो.” मी हौसेनं दिली. परत आल्यावर लावली, तर त्याची गाणी तशीच होती आणि बाईंच्या गाण्यांच्या जागी नुसती खरखर. जाब विचारला, तर म्हणाला, “लोकांना माझंच ऐकायचं हाय.” परवा त्या बाईंची लेक वारलेल्या आईचा आवाज मागायला आली. तिच्या आईचा आवाज असलेली एकुलती एक कॅसेट मीच त्या गायकाच्या हातात दिली होती, हे सांगताना माझी मान वर झाली नाही.