बाबांसाठी ट्रेडमिल पाहायला गेलो तेव्हा

आमच्या घरात बाबांसाठी व्यायामाचं यंत्र घ्यायचं एकमताने ठरलं, तेव्हा बाबा घरात नव्हते.

ते पायीच विहाराकडे गेले होते. वय एकाहत्तर. उभी हयात पोस्टमन म्हणून पिंपळगाव राजाच्या आसपासची खेडी सायकलने पालथी घातलेली. हल्ली डावा गुडघा कुरकुरतो, म्हणून डॉक्टर म्हणाले, "थोडा व्यायाम ठेवा." एवढंच! पण मी पडलो शाळामास्तर, एका ओळीचा निबंध करायची सवय. पंधरा दिवस मोबाइलवर ज्येष्ठांच्या व्यायामाचे व्हिडिओ पाहिले आणि (पलंगावर लोळत, चिवडा खात) या विषयातला तज्ज्ञ झालो. पुण्याहून ताईनेही बजावलं, "धरायला दांडे हवेत, आणि आपोआप बंद पडायची सोय हवीच हवी! बाबांचं वय विसरू नकोस."

वय नाही विसरलो. बाबांना विचारायचं तेवढं विसरलो.

"मले काऊन पाह्यजे मशीन?" खामगावला निघताना बाबांनी विचारलं.

"चालाले, बाबा."

"चालाले गावात रस्ता नाही का?"

"रस्त्यावर पडसान ना!"

"मंग मशीनवर माणूस पडत नाही?"

"नाही! ते म्हाताऱ्यायसाठीच बनवलं असते."

बाबांनी माझ्याकडे (विशेषतः माझ्या पोटाकडे) एकदा पाहिलं आणि टोपी घातली.

दुकानदार सलीमभाई भला माणूस. त्याने आधी पाय ताणायचे साधे रबरी पट्टे दाखवले, मग पाठीला टेका असलेली, बसून चालवायची सायकल दाखवली. "गुरुजी, काकाजीले हेच बरं. घुटन्यावर जोर नाही." पण तज्ज्ञाला साधं कसं पटणार? मी थेट ट्रेडमिलसमोर जाऊन उभा राहिलो. विमान उडवायचं असावं इतकी बटनं होती तिला!

सलीमभाईने एक लाल चावी दाखवली. चावीला दोरी, दोरीला चिमटा. "हा चिमटा कपड्याले लावाचा. माणूस मांगं सरकला, की दोरी ताणते, चावी निघते अन् मशीन बंद."

"पाहा बाबा!" म्हणत मी तो चिमटा मोठ्या प्रेमाने बाबांच्या सदऱ्याला लावला. पण बाबा मशीनच्या पट्ट्यावर चढेनात.

"तू करून दाखव पह्यले."

सलीमभाई दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता. मी चढलो. बाबा शेजारी उभे. चिमटा त्यांच्या सदऱ्यालाच!

सुरुवात झकास झाली. "पाहा, काहीच धोका नाही," असं म्हणत मी आणखी एक बटन दाबलं. मला वाटलं, गाण्याचं असेल. ते वेगाचं निघालं! पट्टा सुसाट सुटला. माझी एक चप्पल मागे गेली, दुसरी तिला शोधायला गेली.

"बंद कर बे!" बाबा ओरडले.

"कसं करू!"

सलीमभाई धावत आला. त्याने दोरी पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काकाजी, दूर व्हा! दूर व्हा!"

"पोरगं मरून राह्यलं अन् मी दूर होऊ?" बाबा उलट आणखी जवळ सरकले. माझा दंड घट्ट धरला आणि बटनांपुढे असे ठाकले, की सलीमभाईचा हातच पोचेना.

"चावी काढा, काकाजी! चावी!"

"चावी सूनबाईजवळ हाय! घराची चावी आता कायले पाह्यजे?"

शेवटी माझे पाय मला सोडून गेले. मी गुडघ्यांवर आपटलो, बाबांच्या हातातून दंड सुटला आणि पट्ट्याने मला पोत्यासारखं मागे नेऊन खाली उतरवलं. बाबा घाबरून माझ्याकडे धावले, दोरी ताणली, चावी निघाली आणि मशीन जागच्या जागी बंद! सुरक्षेची सोय अगदी चोख होती. ज्याच्या अंगाला चिमटा होता, त्याला साधा ओरखडाही आला नाही.

"लय लागलं का रे?" बाबा खाली बसून विचारत होते. कुरकुरणाऱ्या गुडघ्यावर बसून माझ्या पायावरून हात फिरवत होते. मी मान हलवून "नाही" म्हणालो. मग त्यांच्याच खांद्याचा आधार घेऊन उठलो.

डॉक्टरांनी माझा पाय तपासला आणि महिनाभर वॉकर धरून चालायला सांगितलं. सलीमभाईकडून वॉकर आला, सोबत एक रबरी पट्टाही. आता रोज सकाळी बाबा खुर्चीत बसून पट्ट्याने पाय ताणतात आणि मग मला फिरवून आणतात.

परवा ताईचा फोन आला. "घेतलं का शेवटी बाबांसाठी काही?"

फोन बाबांकडे होता. "घेतलं ना! चार पायाचं हाय, मजबूत. काल फाटकापर्यंत गेलं."

"अरे वा! बाबा, तुम्ही चाललात फाटकापर्यंत?"

"मी तर रोजच जातो. तुह्या भावाचं सांगून राह्यलो!"

फाटकापर्यंत गेलो हे खरं. पण परत येताना मला दम लागला. तेव्हा शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजी स्वतःच्या खुर्चीवरून टुणकन उठल्या आणि म्हणाल्या, "बस बाबू, बस. या वयात असंच होते!"