पट्टा ओढून बघणारा माणूस

तपासनीस रॉकेट हातात घेण्याआधी त्याच्या मालकाकडे रागाने बघत. रॉकेट उत्तम असलं तरी. मेलबर्नपासून तीन तासांवर, कापणी झालेल्या गव्हाच्या शेतात आमचा क्लब महिन्यातला एक वीकेंड माणसाच्या उंचीची रॉकेट्स उडवतो. प्रत्येक रॉकेट आधी सुरक्षेच्या टेबलावर जातं. तिथे सही झाल्याशिवाय ते पॅडवर चढत नाही. ते टेबल मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरात राहणाऱ्या एका पुणेरी इंजिनिअरकडे होतं. आम्ही मराठी मंडळी त्यांना तपासनीस म्हणायचो, त्यांच्या माघारी.

"वर कुणीही जातं. खाली कसं येणार, ते दाखव," हे त्यांचं पहिलं वाक्य. उंचावर पोचलं की रॉकेटचे दोन भाग होतात. दोन्ही भाग आणि पॅराशूट एकाच जाड पट्ट्याला बांधलेले असतात, आणि पट्टा स्क्रूने बंद होणाऱ्या पोलादी कडीत अडकवतात. तपासनीस तो पट्टा मुठीला गुंडाळून हिसका देत. एकदा एका धिप्पाड ऑस्ट्रेलियन सभासदाचं रॉकेट टेबलावरच सुटं झालं.

"नो वरीज, मेट. वर एवढा जोर लागत नाही," तो हसला.

"नो वरीज हे उत्तर नाही, मेट. घरी जा."

तो तीन तास गाडी चालवत घरी गेला.

क्लेटनच्या युनिव्हर्सिटीत शिकत असताना केलेलं माझं पहिलं रॉकेट त्यांनी तीनदा परत पाठवलं. "क्लेटनला युनिमध्ये काय शिकवलं तुला? गोंद लावायला?" मी गाडीत बसून त्यांना शिव्या घातल्या आणि पट्टा पुन्हा शिवला. दोन वर्षांनी त्यांनीच मला मदतनीस तपासणारी केलं, कारण स्वतःच्या रॉकेटवर स्वतः सही करता येत नाही.

दोन लॉकडाऊनच्या मधल्या एका शनिवारी आम्हाला जमायची परवानगी मिळाली. मास्क, दीड मीटर अंतर, टेबलावर सॅनिटायझर. तपासनीसांनी पहिल्या सहापैकी चार रॉकेट्स नाकारली. मग स्वतःचं माझ्यापुढे ठेवलं. मी वजन पाहिलं, पंख पाहिले, मोटर पाहिली. मागे रांग होती. पट्ट्याला मी हात लावला नाही. सही केली.

रॉकेट सरळ गेलं. वर धुराचा ठिपका दिसला. टोक लाल पॅराशूटखाली सावकाश उतरू लागलं. मोठा भाग एकटाच, शिट्टी मारत आला आणि शेताच्या मालकीणबाई चहा ओतत होत्या तिथून वीस पावलांवर जमिनीत घुसला. कुणाला लागलं नाही.

तपासनीस उघडी कडी घेऊन माझ्यापाशी आले. मास्क हनुवटीवर, अंतर विसरलेलं.

"पट्टा ओढलास?"

"नाही."

"का?"

"तुमचं होतं म्हणून."

"त्या बाई मेल्या असत्या, तर हेच सांगणार होतीस त्यांच्या नवऱ्याला?"

"कडी तुम्ही उघडी ठेवलीत!" मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले.

"हो, मी ठेवली. म्हणूनच दुसऱ्याची सही लागते ना, अगं!"

मग त्यांचा आवाज खाली आला. त्यांची आई पुण्यात व्हेंटिलेटरवर होती. कोविडमुळे तेव्हा ऑस्ट्रेलियातून बाहेर पडायलाही सरकारची परवानगी लागायची. देशाबाहेर जाण्यासाठी केलेला त्यांचा अर्ज तिसऱ्यांदा नाकारल्याचा ई-मेल शुक्रवारी आला होता. "पुरावे पुरेसे नाहीत म्हणे. अजून काय पाठवू? तिचा श्वास पाठवू?" कडी लावत असतानाच तो ई-मेल आला होता. "पण हे कारण नाही," ते लगेच म्हणाले. "या टेबलावर हे कारण चालत नाही." तपासणाऱ्याचं नारिंगी जाकीट अंगातून काढून त्यांनी माझ्या खुर्चीवर टाकलं आणि ते निघून गेले.

आई त्याच महिन्यात गेली. अंत्यसंस्कार त्यांनी फोनवर पाहिले. अर्जाला चौथं उत्तर त्यानंतर आलं: परवानगी मंजूर.

सीमा उघडल्यावर ते पुण्याला जाऊन आले. त्यानंतरच्या एका शनिवारी माझ्या रांगेत सातवे उभे होते. जाकीट माझ्या अंगावर होतं. रॉकेट टेबलावर ठेवून त्यांनी माझ्याकडे तसंच रागाने पाहिलं. मी पट्टा मुठीला गुंडाळला आणि ओढला.

"जोरात," ते म्हणाले.

मी पुन्हा ओढला.

"अजून."

तिसऱ्या हिसक्याला टेबल सरकलं. मग मी सही केली.