फोटो ऱ्हातो कुठं?

भवानीनगरच्या महिपती फोटोवाल्याने आयुष्यातली पहिली लग्नाची ऑर्डर घेतली, तेव्हा अर्धा रोल संपल्यावर त्याला एक प्रश्न पडला. नवरानवरी कॅमेऱ्यात गेलीत खरी, पण आत बसलीत कुठं? म्हणून त्याने मांडवातच कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून पाहिलं. उजेड आत शिरला आणि नवरानवरीसकट अख्खं वऱ्हाड पुसलं गेलं. पुढची दहा वर्षं तो बारामतीच्या बाजारात त्या लोकांना बघून गल्ली बदलत असे. डोक्यावरचे केस गेले, पण प्रश्न काही गेला नाही.

त्या दिवसापासून एक मात्र झालं. महिपती निगेटिव्ह जिवापलीकडे जपू लागला. बावीस वर्षांत त्याने एकही टाकली नाही. बिस्किटांचे पत्र्याचे डबे स्टुडिओत मावेनात, तेव्हा ते मागच्या घरात शिरले. त्याची बायको बनाबाई पिठासाठी डब्यात हात घालायची आणि हाताला कुणाचं तरी बारसं लागायचं.

"पणदरे गावची पोरं माज्या पिठाच्या डब्यात कशापायी?" ती कडाडायची.

"फोटो गिऱ्हाइकाच्या अल्बमात, निगेटिव्ह आपल्या डब्यात," महिपती सांगायचा. धर्मच होता तो त्याचा.

नव्याण्णव साली त्याने कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला. स्कॅनरबरोबरच्या सीडीत एक अल्बम फुकट होता. त्यात फोटो आणले की पडद्यावर बारके बारके चौकोन ओळीने मांडले जायचे आणि चौकोनावर क्लिक केलं की फोटो पडदाभर व्हायचा. डिंक नको, काळे कोपरे नकोत. महिपती येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून आत न्यायचा आणि दाखवायचा. दाढी करायला निघालेल्या माणसालाही सुटका नव्हती.

पहिलं मोठं काम आलं ते सांगवीच्या भानुदास गुरुजींचं. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन परतलेल्या गावातल्या अकरा जणांचा फोटो. मधोमध गुरुजींचे वडील, काठी धरून. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तो मोठा करून विहारात लावायचा होता.

महिपतीने फोटो काचेसकट स्कॅन केला, अल्बमात आणला. इथे थांबायला हवं होतं. पण फोटोच्या पाठीवर कोणत्या स्टुडिओचा शिक्का असेल, हे कुतूहल त्याला गप्प बसू देईना. त्याने फ्रेम उघडली. त्रेचाळीस वर्षांत फोटो काचेला चिकटला होता. कागद हातात आला आणि माणसं काचेवर राहिली, तीही तुकड्यातुकड्यांनी. शिक्का नव्हताच.

"अल्बमात हायेत," त्याने स्वतःची समजूत घातली आणि त्या रविवारी मन रमवायला पडद्यावरचा सगळा पसारा नीट आवरून ठेवला.

सोमवारी दुपारी गुरुजी फोटो बघायला आले. महिपतीने ऐटीत अल्बम उघडला. बारका चौकोन जागेवर होता. क्लिक केलं, तर पडदाभर पांढरं आणि मधे लाल फुली. दुसरा फोटो, फुली. तिसरा, फुली.

"माणसं कुठं हायेत, महिपती?"

"आत हायेत, गुरुजी."

"आत म्हंजी कुठं? ऱ्हाऊ दे. मूळ फोटो दे माजा."

महिपतीने मान खाली घालून काच आणली. गुरुजींनी ती मांडीवर घेतली. काठीचा तुकडा बोटाने चाचपला.

"वडलांचा ह्यो एकच हुता रं," ते शेवटी म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर महिपतीला सोसलं असतं.

तेवढ्यात संजीवनी आपले पासपोर्ट फोटो न्यायला आली. ती कारखान्याच्या ऊस विभागात कॉम्प्युटरवर काम करायची. दोघांचे चेहरे बघून तिने विचारलं, तेव्हा महिपतीने सगळं सांगितलं.

"तात्या, अल्बममध्ये फोटो नसतातच," ती म्हणाली.

"नसत्यात? मग काय असतंय?" महिपती दुःख विसरून खुर्चीसकट पुढे सरकला.

"आदी फोटो हुडका," गुरुजी म्हणाले. "शाळा मागनं भरवा."

"आमच्या ऊस नोंदीच्या वहीत ऊस असतो का, तात्या?"

"ऊस रानात. वहीत कुणाचा ऊस, कुठल्या गटात, येवढंच."

"तसंच हे. अल्बमात फोटोचा पत्ता असतो. हा बारका चौकोन ओळखीपुरता. फोटो आपल्या जागेवर उभा. पत्त्यावर काही सापडलं नाही की फुली. तुम्ही मूळ फायली पुसल्या का?"

"पुसल्या?" महिपती ताडकन उभा राहिला. "बावीस वर्षांत मी एक निगेटिव्ह टाकली न्हाय, बाई! अल्बमात फोटो लागले, मग निगेटिव्ह भाईर कशाला लोळत ऱ्हायच्या? डब्यात ठिवल्या!"

"आता कुठल्या डब्यात?" आतून बनाबाई ओरडली.

डबा कॉम्प्युटरातच होता. नव्या फोल्डरला महिपतीने नावच 'डबा' दिलं होतं. संजीवनीने तो उघडला आणि अकरा माणसं पडदाभर उभी राहिली. गुरुजी उठून इतके जवळ गेले की नाक पडद्याला लागायचं बाकी राहिलं.

"काठीला तांब्याची कडी हाय बग," ते पुटपुटले. "फ्रेममदी कदी दिसली न्हवती. ती काठी अजून आमच्या दाराआड हाय."

जाण्याआधी संजीवनीने अल्बमाच्या सेटिंगमधला एक चौकोन दाखवला. तिथे बरोबरची खूण केली, की आणलेल्या फोटोची पक्की प्रत अल्बमाच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. मग डबा कुठंही हलवा.

"म्हंजी ऊस वहीतच उभा!" महिपती म्हणाला.

"पण जागा दुप्पट खाईल."

"खाऊ दे की."

त्याने खूण केली आणि अकरा जणांना पुन्हा अल्बमात घेतलं. वर फोटो दोन फ्लॉपींत घातला आणि एक गुरुजींच्या हवाली केली. गुरुजींनी फ्लॉपी सदऱ्याच्या खिशात ठेवली. काच मात्र पंच्यात गुंडाळून काखेत घेतली.

"परवा पुण्याला जाऊन मोठा करून आण," ते म्हणाले. "आन् त्याची पाठ बघू नगं."

दोघंही गेली. महिपतीने इकडेतिकडे बघितलं, ती खूण काढली आणि स्वतःच्या लग्नाचा फोटो अल्बमात आणला. मग मूळ फाईल डब्यात टाकली. फुली. परत जागेवर आणली. फोटो! परत डब्यात. बाकावर दोन गिऱ्हाइकं केस विंचरून ताटकळत होती. बनाबाई चहा घेऊन आली, तर पडद्यावर तीच येत-जात होती.

"ह्ये काय चाललंय?"

"थांब जरा. तू ऱ्हातीस कुठं, ते बगतोय."

"मागच्या खोलीत, तुमच्या डब्यांच्या मदी," बनाबाई म्हणाली. "च्या घ्या, निवतोय."