पाहणीत न दिसलेली वाट

यंदा शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात आमच्या वस्तीतून शाळेकडे जाणारी नाल्याकाठची पायवाट भिंत बांधून बंद करण्यात आली. पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी केलेल्या नव्या मार्गाचे उद्घाटन त्याच आठवड्यात झाले. दोन्ही कामे एकाच आराखड्यातली होती.

गाव यवतमाळ जिल्ह्यातले, तालुक्याचे. वस्ती विहाराच्या मागे, नाल्यापलीकडे आहे. पायवाट विहारापासून निघून बाभळींखालून शाळेच्या मागच्या फाटकाशी पोचायची. मी त्याच वाटेने शिकलो. माझी पुतणी नववीत गेली होती. आठवीत शाळेतून सायकल मिळाल्यापासून तीही त्याच वाटेने जायची. भिंतीनंतर तिला पांढरकवड्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यानेच जावे लागणार होते. नवा मार्ग त्या रस्त्याच्या कडेने आहे, पण तो पेट्रोल पंपाच्या पुढे सुरू होतो. वस्तीपासून पंपापर्यंत डांबर आणि ट्रक, एवढेच.

वस्तीतली माणसे बांधकाम खात्याच्या कार्यालयात गेली. मी सोबत होतो. अभियंता सौम्यपणे बोलला. कोणती वाट किती वापरात आहे, याची पाहणी करूनच आराखडा झाला, असे त्याने सांगितले. पाहणी गेल्या दिवाळीनंतर झाली होती. त्याची माणसे विहाराजवळ खुर्च्या टाकून दिवसभर बसली होती.

"त्या वाटेनं आम्हाला कोणी जाताना दिसलंच नाही," तो म्हणाला.

माझी वहिनी पुढे झाली. "दिवाळीनंतर कोण दिसन साहेब? शाळेले सुट्ट्या, अन् बाया साऱ्या वेचणीले. उजाडाच्या आत मालकाची गाडी न्यायले येते, अंधारात आणून सोडते."

"मग हे तेव्हाच सांगायचं होतं."

"कोणाले सांगू? तुम्ही खुर्चीवर, आम्ही कपाशीत."

मागून एका म्हाताऱ्याने विचारले, आता सायकल भिंतीवरून उडवाची काय. काही जण हसले. अभियंताही हसला. भिंत मंजूर कामातली असल्याने फट ठेवायची तर नवी मंजुरी लागेल, तुम्ही अर्ज द्या, असे तो म्हणाला. अर्ज त्याच दिवशी दिला.

मोठा भाऊ ट्रक चालवतो. महिन्यातले बरेच दिवस तो बाहेर असतो. तो घरी आला तेव्हा पुतणीने सायकल पुसून दाराशी लावून ठेवली होती.

"मी कडेकडेनं जाईन, बाबा."

"मी गाडी चालवतो," तो म्हणाला. "वरून खालची सायकल दिसत नाही."

मी एका पेपराला गावच्या बातम्या पाठवतो. संध्याकाळी तिने मला पेपरात लिहायला सांगितले. मी लिहिले. बातमी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात आली. उद्घाटनाचा फोटो त्याआधी पहिल्या पानावर येऊन गेला होता. त्यात पाहुणे सायकलवर बसलेले होते आणि सायकली मागून धरून ठेवलेल्या होत्या.

पुतणी ऑटोने जाऊ लागली. ऑटो भरल्याशिवाय निघत नाही. पहिला तास बुडायचा. मुख्याध्यापकांनी दोनदा घरी निरोप पाठवला. नागपंचमीच्या सुमारास भावाने तिचा दाखला काढला आणि तिला झरी जामणीकडे, आजोळी नेऊन ठेवले. तिथे शाळा घरापासून चालत जाण्यासारखी आहे. जाताना तिने सायकल एसटीच्या टपावर टाकून न्यायची का, असे विचारले. तिकडे कायले लागते, असे वहिनी म्हणाली. सायकल घरीच राहिली.

नव्या मार्गावर पंपाजवळ ट्रक उभे राहतात.

वस्तीच्या अर्जाला पोळ्यानंतर उत्तर आले. नाल्याकाठच्या वाटेची फेरपाहणी होणार आहे. त्यासाठी दिवाळीनंतरचा आठवडा ठरला आहे.